चौथ्या रांगेत कुठेतरी

“गोरक्ष, किल्ल्यावर जेसीबी नसतो रे!”

“का नसतो? बुरूज ढासळला तर डागडुजी कोन करनार? मावळ्यांनी लढायचं का पाट्या उचलायच्या?”

दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, तरी गोरक्षच्या अंगणातला किल्ला मोडायचं कुणाच्याच जिवावर येत होतं. रोज एखादा बुरूज खचायचा आणि रोज नवी माती कालवली जायची. आठवीतल्या दयाचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. सुट्टीचे थोडेच दिवस उरले होते आणि तिच्या डोक्यात तटबंदीशिवाय दुसरं काही नव्हतं. एवढं निश्चिंत तिला पुढे कितीतरी दिवस वाटणार नव्हतं.

“दया! दया गं!” रस्त्यापलीकडच्या चर्चच्या हॉलमधून एंजल धावत आली. एंजल सातवीतली, दयाच्या शेजारची. “यादी गेली! संगणकात काहीच नाही! फादर बोलावतायत तुला!”

“कसली यादी?”

“कबरींची!”

दया उठली आणि चिखलाच्या हातांनीच पळत सुटली, मागोमाग गोरक्षही.

आता ही यादी कसली, ते सांगायला हवं. गोदावरीच्या काठी, पुणतांब्याच्या जरा अलीकडे असलेल्या या गावात ख्रिस्ती मंडळींचं जुनं कब्रस्तान आहे. दर वर्षी दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, बाहेरगावी गेलेली माणसंही इथे परततात. कबरींना चुना लावतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात. पण दगडी क्रूस उभारायची ऐपत सगळ्यांची कुठली? निम्म्याहून जास्त कबरी म्हणजे नुसते मातीचे उंचवटे. कुठला उंचवटा कुणाचा, हे एकट्या छबूबाईंना ठाऊक होतं. त्यांच्या नवऱ्यानं जन्मभर तिथे खड्डे खोदले आणि छबूबाई पाण्याची घागर घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. कुणाचं कोण कुठे निजलंय, ते त्यांना घरातल्या भांड्यांसारखं पाठ होतं.

हे ज्ञान त्यांच्याबरोबरच जाईल, हे ओळखलं स्टीफन सरांनी. सर निवृत्त शिक्षक. हॉलमधल्या जुन्या संगणकावर मुलांना फुकट शिकवायचे. दोन हिवाळे ते रोज सकाळी छबूबाईंबरोबर कब्रस्तानात फिरले. दहा-बारा नावं तोंडपाठ करायची, हॉलवर यायचं आणि टाइप करायची. कागदावर लिहिता येत नव्हतं, कारण मोतीबिंदूमुळे पांढरा कागद त्यांच्या डोळ्यांवर यायचा. काळ्या पडद्यावरची मोठी पांढरी अक्षरं मात्र दिसायची. म्हणून त्या संगणकावर चित्रं नव्हती, माउसचा बाण नव्हता. नुसता काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि आपण टाइप करायचे हुकूम. त्याला टर्मिनल म्हणतात. नऊ रांगांच्या नऊ फायली झाल्या, दोनशे अकरा नावं. गेल्या जूनमध्ये छबूबाई वारल्या. मग त्यांना ठाऊक असलेलं सगळं त्या नऊ फायलींतच काय ते उरलं.

हॉलमध्ये एडविनकाकांचा आवाज घुमत होता. काका चर्च कमिटीचे सेक्रेटरी. त्यांना माईक लागत नाही.

“व्हायरस! मी सांगतो ना, व्हायरस हाय हा! परवा हा रविराज आला प्रिंटर जोडायला, याच्याच पेनड्राइव्हातून आला!”

रविराज हा राहात्याचा संगणक दुरुस्त करणारा तरुण. तो बिचारा भिंतीला टेकून उभा होता. “काका, मी प्रिंटर जोडला, एक कागद काढून बघितला आन् गेलो. तुमच्या फायलींना हात पन लावला न्हाई.”

“मंग काय उंदरांनी खाल्ल्या?”

दयानं हात फ्रॉकला पुसले आणि खुर्चीवर बसली. इथे काय काय आहे, हे विचारायचा हुकूम म्हणजे ls. तिनं तो टाइप केला. पडद्यावर एकच नाव उमटलं: yadi. तिनं ती फाइल उघडली. आत नवव्या रांगेची एकोणीस नावं होती. बाकीच्या आठ रांगांचा पत्ता नव्हता.

“दया,” फादर हळूच म्हणाले, “गुरुवारी तू सगळं नीट ठेवलं होतंस ना?”

“हो फादर! नऊच्या नऊ!” दया छातीठोकपणे म्हणाली. तिला ते अगदी खरं वाटत होतं.

गुरुवारी सर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुण्याला निघाले होते. जाताना त्यांनी तिला फादरांकडून लिहून घेतलेली एक चिठ्ठी दिली होती. फायलींची एक जादा प्रत एका कप्प्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, करून ठेव, पेनड्राइव्ह आली की तिच्यावर घालून फादरांना दे, एवढंच काम. साठ मुलांत त्यांनी तिलाच निवडलं होतं, कारण तिची बोटं सगळ्यांत चपळ. दयानं ते काम एका मिनिटात उरकलं होतं आणि एंजलला सांगितलंही होतं, “एका मिनिटात!”

“झालं तर मग!” काका गरजले. “पोरीनं ठेवलं, यानं घालवलं. रविराज, आजपास्नं चर्चचं एक काम तुला न्हाई. आन् जाता जाता हे डबडं फॉरमॅट मार. सगळं कोरं करून चित्रांचं नवीन काहीतरी टाक.”

“काका, थांबा!” दया ओरडली. “कोरं केलंत तर असेल नसेल तेही जाईल!”

“मोठी मान्सं बोलताना पोरांनी मधी तोंड घालू न्हाई!” काका म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले. फादर आणि रविराजही त्यांच्या मागे गेले, बहुधा त्यांची समजूत घालायला.

पाच मिनिटांनी काका परत आले, तेव्हा पडदा मेला होता.

“वायर कुठाय? मागची काळी वायर?”

“काळी का पांढरी, काका?” गोरक्षनं भोळेपणानं विचारलं.

“काळी म्हनालो ना!”

“जाड का बारीक?”

“जाड!”

“मंग मला न्हाई म्हाईत. बारीक असती तर शोधली असती.”

काकांनी टेबलं हलवली, कपाट हलवलं, शेवटी कपाळावर हात मारला. रविराजच्या दुकानात तशी वायर होती. दोघं मोटरसायकलवर राहात्याला निघाले. जाऊन-येऊन सव्वा तास तरी लागणार होता. फादर चुना कालवणाऱ्या माणसांकडे गेले.

“गोरक्ष,” दयानं कंबरेवर हात ठेवले, “कुठे आहे?”

“किल्ल्याच्या गुहेत! महाराजांच्या पहाऱ्यात!”

वायर आली. तिच्यावर चिखल होता, तो एंजलनं ओढणीनं पुसला. पडदा उजळला आणि ती रेघ पुन्हा लुकलुकायला लागली.

“हे नुसतं टुकूटुकू बघतंय,” गोरक्ष म्हणाला. तो आदल्या वर्षीच शेतीच्या कामामुळे सरांचा वर्ग सोडून गेला होता. “काय करायचं ते सांगत का न्हाई?”

“ते सांगत नसतं. ते ऐकतं.” दयाला सरांचा आवाज आठवला. “आपण सांगू तेवढंच करतं आणि सांगू तसंच करतं. जमलं नाही तर कुरकुर करतं. जमलं तर गप्प बसतं.”

“गप्प बसलं की काम झालं?”

“झालं!”

“बरं झालं का वाईट झालं, ते कसं कळायचं?”

सरही वर्गात नेमकं हेच विचारायचे. त्यांचे दोन नियम होते. एंटर दाबण्याआधी आपली ओळ मोठ्यानं वाचायची, तीही मराठीत, म्हणजे आपण काय मागतोय ते आपल्या कानांना कळतं. आणि काम झालं की ls करून डोळ्यांनी बघायचं. मुलं हसायची. सगळ्यांत जास्त दया हसायची.

“चोर कसा पकडायचा ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “या संगणकावर आजवर कुणी काय काय टाइप केलं, ते सगळं याच्या लक्षात असतं. एक शब्द टाकला की सांगतो.”

“आयला! मंग काका राहात्याला कशाला गेले?” गोरक्षचे डोळे चमकले. “टाक की!”

दयानं history टाइप केलं आणि एंटर दाबलं.

सरसर ओळी वर गेल्या. सगळ्यांत खाली रविराजची एकच ओळ होती, प्रिंटर तपासायची. बाकी काही नाही. रविराज खरं बोलत होता! एंजलनं टाळीच वाजवली.

“त्याच्या वरती काय आहे?” तिनं बोट ठेवलं.

mv rang1 yadi
mv rang2 yadi
mv rang3 yadi

अशा नऊ ओळी होत्या. mv म्हणजे हलव.

दया बघत राहिली. तिला त्या ओळी ओळखीच्या वाटल्या आणि मग कळलं की त्या तिच्याच आहेत. वरच्या बाणाचं बटण दाबायचं, आकडा बदलायचा, एंटर. आकडा बदलायचा, एंटर. किल्ल्याचा दरवाजा अर्धा राहिला होता म्हणून ती घाईत होती. सरांच्या चिठ्ठीतली पहिली ओळ होती: आधी yadi नावाचा कप्पा तयार कर. तिला वाटलं, कप्पा काय, आपोआप होईल. दुसरी ओळ होती: प्रत काढ. तिला वाटलं, एकच गोष्ट दोन ठिकाणी कशाला, सरळ हलवूनच टाकू. तिसरी ओळ होती: ls करून बघ. ती तर तिनं वाचलीच नव्हती.

“दया? अगं, काय झालं? पांढरी पडलीस.”

“कप्पाच नव्हता,” दया पुटपुटली. “कप्पा असता तर फायली त्यात जाऊन बसल्या असत्या. कप्पा नव्हता, म्हणून पहिल्या रांगेचंच नाव yadi झालं. मग दुसरी आली, तिचंही नाव yadi. मग पहिली…”

“म्हंजी पाट एकच,” गोरक्ष सावकाश म्हणाला, “आन् नवा पाव्हना आला की आधीच्याला ढकलून द्यायचं?”

“हो. नऊ वेळा. आणि ते दर वेळी गप्प बसलं आणि मला वाटलं, शाब्बास!”

बाहेर चुन्याच्या बादल्या आपटल्याचा आवाज आला. दोन हिवाळे सर काठी टेकत फिरले होते. छबूबाई गुडघे धरून एकेका उंचवट्याशी वाकल्या होत्या. ते सगळं दयानं एका मिनिटात घालवलं होतं आणि वर मिरवलंही होतं!

“अन् हेलनआजी?” एंजल एकदम म्हणाली आणि तिनं लगेच जीभ चावली.

हेलनआजी केडगावला राहायच्या. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचे यजमान इथल्या शाळेत मास्तर होते. त्यांचं पहिलं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं आणि लगेच बदली झाली. त्या बाळाच्या कबरीवर दगड नाही, नाव नाही. आजी दर दोन नोव्हेंबरला एसटीनं यायच्या, छबूबाई त्यांचा हात धरून नेमक्या जागी न्यायच्या. या वर्षी छबूबाई नव्हत्या आणि आजी परवा येणार होत्या.

“एक विचारू?” एंजल अगदी हळू म्हणाली. “या ओळी पुसता येतात का?”

“येतात.”

“मंग पूस!” गोरक्ष म्हणाला. “कुनाला काय कळतंय? काका तर व्हायरस-व्हायरस करतच हायेत. यादी तर गेलीच, तुझं नाव कशाला घालवते?”

दयाच्या बोटांनी history -c टाइप केलंसुद्धा. ही चपळ बोटं! करंगळी एंटरवर टेकली. आणि कोण जाणे का, कदाचित सर जवळ नव्हते म्हणूनच, तिला या वेळी त्यांचा नियम पाळावासा वाटला. तिनं ओळ मोठ्यानं वाचली, मराठीत.

“आजवर इथे ज्यानं जे केलं, ते सगळं विसरून जा.”

हॉल रिकामा होता, त्यामुळे तिचा आवाज जरा घुमला. तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या ओळींत तिची चूक होती, पण रविराजचा खरेपणाही तिथेच होता. ते पुसलं तर तो कायमचा चोर ठरणार होता. तिनं एकेक अक्षर मागे घेत ती ओळ खोडली.

मोटरसायकल फाटकातून आत आली, तेव्हा दया पायरीवर उभी होती.

“रविराजदादानं काही केलेलं नाही,” ती एका दमात म्हणाली. “मी केलंय. आत लिहिलेलं आहे, बघा.”

काकांनी पडद्यावरच्या त्या नऊ ओळी दोनदा वाचल्या. त्यांना त्यातलं फारसं समजलं नसावं, पण दयाचा चेहरा समजला. ते बराच वेळ नव्या वायरशी चाळा करत राहिले. मग रविराजकडे वळून म्हणाले, “माझंच चुकलं, गड्या. न बघता बोललो. राग मानू नको.” त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो, हे मुलांना पहिल्यांदाच कळलं.

रविराजनं खुर्ची ओढली. तासभर तो त्या डिस्कमध्ये गेलेल्या फायली शोधत होता. दया त्याच्या खांद्यामागे उभी होती. शेवटी त्यानं मान हलवली. “न्हाई गं. लई बारक्या फायली हुत्या. काईच हाती लागंना.”

सर्वांत अवघड होता सरांना फोन. दयानं सगळं सांगितलं.

“सर, रागवा ना माझ्यावर.”

“रागवलो असतो गं,” सर म्हणाले, “पण दोन वर्षं मीही दुसरी प्रत काढली नाही. काढली ती शेवटच्या दिवशी, आणि तीसुद्धा तुझ्या गळ्यात टाकून.” मग त्यांनी आठवून सांगितलं, “हेलनबाईंचं बाळ चौथ्या रांगेत आहे, एवढं नक्की आठवतंय. कितवं ते नाही आठवत. ते छबूबाईंना ठाऊक होतं.”

दोन दिवस तिघांनी पायांची चाकं केली. किल्ल्याकडे कुणी फिरकलंही नाही. एंजलनं मोठ्या तावावर नऊ रांगा काढल्या. घरोघर जाऊन विचारायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेम्पोत बसवून कब्रस्तानात आणायचं, सांगतील ते नाव लिहायचं. गोरक्षची आजीसुद्धा आली. ती हिंदू, पण तिच्या मळ्यातली कितीतरी कामकरी माणसं इथे निजली होती. “ह्यो आमचा कोंडिबा. लई गुनाचा. याच्या उशाला मीच तुळस लावली हुती,” असं म्हणत तिनं एकटीनं सात कबरी सांगितल्या. एडविनकाकांनी गल्लोगल्ली हाका मारल्या आणि तो आवाज पहिल्यांदाच उपयोगी पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोनशे अकरांपैकी एकशे ब्याण्णव नावं जागेवर बसली. एकोणीस राहिली. त्यांतली सहा चौथ्या रांगेत होती.

दोन नोव्हेंबरला दुपारी प्रार्थना झाली. फादर सगळ्यांसमोर म्हणाले, “यादी कशी गेली, ते आपल्याला कळलं, कारण एका मुलीनं स्वतःचं नाव पुसलं नाही. आणि ती परत मिळाली, कारण या तीन मुलांनी दोन दिवस पाठ टेकली नाही. मला त्यांचा अभिमान वाटतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. एडविनकाकांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. गोरक्षची कॉलर ताठ झाली. दया मात्र चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली. प्रत्येक टाळीगणिक तिला ते एकोणीस उंचवटे आठवत होते.

हेलनआजी फाटकाशी उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत एक मेणबत्ती आणि मुठीएवढा शेवंतीचा पुडा. त्या इकडेतिकडे छबूबाईंना शोधत होत्या.

दया त्यांच्याकडे गेली. तिनं काहीच गाळलं नाही. कप्पा, घाई, किल्ला, सगळं सांगितलं.

आजींना टर्मिनल म्हणजे काय ते कुठलं कळायला! त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे आता कुणालाच ठाऊक नाही?”

“चौथी रांग एवढंच ठाऊक आहे, आजी. तिथे सहा कबरींना नाव नाही. त्यातली एक.”

आजींचा चेहरा बारीक झाला. त्या रागावल्या असत्या तर दयाला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या पिशवीतल्या एका मेणबत्तीकडे बघत राहिल्या.

“मी एकच आणलीय,” त्या म्हणाल्या.

गोरक्ष कधी पळाला ते कळलंच नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात किल्ल्यावरच्या पणत्या होत्या, एंजलच्या ओंजळीत चर्चमधल्या मेणबत्त्यांचे तुकडे. दयानं आजींचा हात धरला. तो हात खरबरीत आणि हलका होता. चौथ्या रांगेत त्या सहाही उंचवट्यांपाशी थांबल्या. आजींनी प्रत्येकावर थोडी शेवंती ठेवली, प्रत्येकाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या. शेवटच्या उंचवट्याशी त्या जरा जास्त वेळ बसल्या. तीच जागा होती म्हणून, की गुडघे दुखले म्हणून, कुणाला ठाऊक!

“छबू असा हात घट्ट धरायची,” उठताना त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी तू ये फाटकाशी.”

“पण आजी, मला जागा माहीत नाही.”

“मलाही नाही, पोरी. पन्नास वर्षं मी नुसती तिच्या मागे गेले, एकदाही खूण करून ठेवली नाही.” त्यांनी दयाच्या पाठीवर हात ठेवला. “आपण दोघी सगळ्यांकडे जाऊ.”

आजी एसटीत बसल्या. बस गेली तरी दया थांब्यावर उभी राहिली. तिला मनापासून वाटत होतं की गुरुवार परत यावा, फक्त एक मिनिटासाठी. पण तसा हुकूम कुठल्याच संगणकात नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉलवर गेली. तिनं आधी कप्पा तयार केला. ls केलं, कप्पा दिसला. मग तावावरून एकेक रांग टाइप करायला बसली. तिची चपळ बोटं आज मुद्दाम हळू चालत होती. नऊ रांगा झाल्या, प्रती कप्प्यात गेल्या, आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर, आणखी एक छापून फादरांच्या कपाटात. दर वेळी तिनं ओळ मोठ्यानं वाचली. गोरक्ष खिडकीबाहेरून ऐकत होता, पण तो हसला नाही.

चौथ्या रांगेच्या शेवटी तिनं एक वाक्य जोडलं आणि तेही वाचून पाहिलं.

“हेलनआजींचं बाळ. वय अकरा दिवस. याच रांगेत कुठेतरी.”

शब्द बरोबर होते. तिनं एंटर दाबलं. काळा पडदा नेहमीसारखा गप्प बसला. दयानं त्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला नाही. ती फाइल पुन्हा उघडून तिनं ते वाक्य डोळ्यांनी बघितलं आणि मगच ती उठली.